ज्येष्ठमधाची काडी

कोहक्याचे कीर्तनकार चंपतराव पार चक्रावले होते. बीपीची गोळी रोज घेऊनही आकडा उतरेना, आणि तो उतरल्याशिवाय डॉक्टरीणबाई रामनवमीच्या कीर्तनाला उभं राहू देईनात.

"मीठ सोडलं, लोणचं सोडलं. मंग कावून वाढून राहिला?"

"काकाजी, तोंडात काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ज्येष्ठमध. गळ्यासाठी दिवसभर चघळतो. ते काय दवाई थोडीच आहे!"

"त्यानंच बीपी चढतं, गोळीचा असर जातो. ते बंद करा, गोळी मात्र सोडू नका."

"अन् आवाज बसला तर देवाले काय ऐकवू?"

"बसका आवाजही ऐकतो तो," बायको कमलिनी म्हणाली. "तुमी तर राहा आमाले!"

चंपतरावांनी काडी कचऱ्याच्या टोपलीत टाकली खरी. पण जिनं जन्मभर नाम गोड केलं, तिनंच असं का करावं, हे त्यांना काही केल्या उमगेना.