मालन

"सगुणा, ही कॅसेट जगनला परत कर. पण त्याआधी एकदा नीट बसून ऐक."

हॉस्पिटलात ह्यांनी सांगितलं आणि मी मान डोलावली. शपथ घातली नाही त्यांनी. माझ्या मानेवर विश्वास ठेवला.

हे गेले, त्यानंतर सहा संकष्ट्या झाल्या. दर संकष्टीला मी डोंबिवलीहून टिटवाळ्याच्या गणपतीला जाते. ह्यांच्या कारखान्यातले जगनभावजी तिथेच, देवळाच्या मागच्या आळीत राहतात. सहाही वेळा दुर्वा वाहून मी तशीच परतले. कॅसेट कपाटात, माझ्या पातळांखाली.

कारण ती मालन.

मला इंग्रजी येत नाही, पण कान आहेत. कॅसेटवरच्या त्या इंग्रजी गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी गाणारा कळवळून हाक मारायचा, "मालन". आम्ही मोहने गावात कारखान्याच्या कॉलनीत राहायचो, तिथे त्या नावाची एक होती, कॅन्टीनवाल्याची बहीण. ह्यांची कायम सेकंड शिफ्ट. दुपारी एकला घर सोडायचे, परत यायचे तेव्हा मी झोपलेली. सकाळी मात्र चहा झाला की टेप सुरू. आणि माझं तर बारापर्यंत मौन, लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासापासूनचं. मी विचारू शकत नाही, नेमकं तेव्हाच लावतात, हे माझ्या मनात पक्कं बसलं होतं. एका रविवारी संध्याकाळी विचारलंच. हे हसले. म्हणाले, अगं, कोण मालन? पकडलेला माणूस असाच हसतो, असं मला वाटलं.

काल नौपाड्याहून माझी भाची कांता आली. शाळेत इंग्रजी शिकवते. मी सहज म्हणून कॅसेट लावली. तिला गाणं माहीत होतं. तिकडे अमेरिकेत एके काळी पहिल्या नंबरावर होतं म्हणे. चाल खेड्यातल्या गोऱ्या गिटारवाल्यांची आणि गळा चर्चमध्ये वाढलेल्या काळ्या गायकाचा, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांनी ते आपलं मानलं. मी म्हटलं, ते राहू दे, ही मालन कोण ते सांग.

"मालन नाही गं मावशी. माय लोन. ऑन माय लोन."

"म्हणजे?"

"तिकडची खेड्यातली बोली आहे ती. म्हणजे एकटाच. घरात बायको आहे, चूल पेटलेली आहे, पण त्याच्याशी बोलत कोणी नाही, असं म्हणतोय तो."

कांता ह्यांची लाडकी. झाकत असेल, म्हणून तिला तीनदा ऐकायला लावलं, कागदावर लिहून मागितलं. तिने एकेक अक्षर सुटं करून लिहिलं. त्यात बाईचं नाव नव्हतं.

आज संकष्टी नाही. सकाळी पूजा झाल्यावर मी ह्यांच्या खुर्चीत बसले. हातात जपमाळ घेतली नाही. गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग कॅसेट धुतलेल्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

साडेनऊ झाले होते. मौन सुटायला बराच वेळ होता.

"येते हं," ह्यांच्या फोटोला सांगितलं आणि चपला पायात घातल्या.