बरजसनं खाली ठेवलेला कप

या, असे माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसा. आधी अल्लाचं नाव घ्या, मग खलफच्या मुलाची गोष्ट सांगतो. ऐकताना घशाला कोरड पडेल, सांगून ठेवतो.

कुवेतच्या किनाऱ्यावर, नव्या मनोऱ्यांच्या सावलीत, दुऐजनं आपल्या नाखवा बापाचं जुनं गलबत रंगवून उभं केलं. पाहुण्यांना तो सांगे, "यावरचा पाणबुड्या खलफ, मोत्यांच्या लोभानं खाली राहिला अन् बुडाला." पाहुणे हळहळत, फोटो काढत. खलफचा मुलगा बरजस दातओठ खात ऐके. गलबतावर खलफचा दोर ओढणाऱ्या म्हाताऱ्यानं मरताना त्याला खरं सांगितलं होतं. वादळ उठलं, गलबत हाकारायची घाई झाली, आणि खाली माणूस असताना नाखव्यानं त्याचा दोर कापला. पोरवयाचा दुऐज शेजारीच उभा होता.

बरजस भांडला नाही. दबा धरून बसला.

एका शुक्रवारी शहरातले सगळे बडे लोक दुऐजच्या बैठकीत जमले. कडू कॉफीचा कहवा आला. बरजसनं कप घेतला आणि न पिताच समोर ठेवला. कप खाली ठेवला म्हणजे पाहुण्याचं मागणं आहे, आणि तो न पिता उठला तर यजमानाचं नाक कापलं जातं.

"अरे पी, अबू मिशारी!" दुऐज हसला. "तुझ्या पोराला, मिशारीला नोकरी हवी असेल. काय मागशील ते दिलं! सगळ्यांदेखत शब्द!"

"दिलास ना? मग सगळ्यांदेखत सांग, माझ्या बापाचा दोर कुणी कापला."

दुऐज पांढराफटक पडला. "आज नको रे. पाहुणे आहेत."

"म्हणून तर आज. तुझ्या बापानं माझ्या बापाला उद्यावर ढकललं होतं का?"

दुऐजनं चौफेर पाहिलं. कुणी नजर दिली नाही.

"वडिलांनी कापला," तो पुटपुटला. "मी पाहिलं."

बरजसनं तो गार, कडू कहवा एका घोटात संपवला. पुरे झालं की कप हलवायचा असतो. त्यानं हलवला नाही, पुढे धरला.

"आणखी ओत. तूच ओत. आणि मोठ्यानं बोल. खलफ लोभी नव्हता, असं नाव घेऊन बोल."

दुऐज ओतू लागला, तर कहवा त्याच्याच शुभ्र कपड्यांवर सांडला. त्याला बोलावं लागलं. कप पुन्हा पुढे आला. दुऐजचा आवाज पार बसला, तेव्हा कुठे बरजसचं मनगट हललं.

बाबांनो, क्षमा अल्लाच्या घरी पुष्कळ आहे. बरजसनं दुऐजला ती मागायलाही जागा ठेवली नाही. तुम्ही ते गलबत पाहायला गेलात, तर रंगरंगोटीला भुलू नका. काठाशी उभे राहा, खाली पाण्यात पाहा, आणि खलफची आठवण काढा.