वाकडं तास

पालमच्या शिवारात सटवाजीसारखं सरळ तास कुणाच्या तिफणीला येत नव्हतं. पेरणीचं पहिलं तास त्याने काढायचं आणि मग गावाने तिफणी धरायच्या, असा रिवाजच पडून गेला होता. दुसऱ्याचं तास जरा वाकडं गेलं की सटवाजी बांधावर उभा राहून विचारायचा, "काय रे, साप गेला काय इथून?" देवाने हे एवढं एक सुख त्याला दिलं होतं आणि ते भोगण्यात त्याने कधी कंजुषी केली नाही.

अडचण एकच होती. ती सरळ तासं उताराच्या अंगाने पडत आणि पावसाळ्यात त्यांच्यातून त्याच्या रानाची माती खालच्या रानात जाई. खालचं रान लिंबाजीचं, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाचं. मेहुण्याने मुकाट्याने माती घ्यावी, तर तेही नाही. "दाजी, आंदण आमी द्यायचं, अन धाडायलाव तुमी," असं तो चारचौघांत म्हणायचा. सटवाजी हसायचा, पण वरच्या अंगाला मुरूम उघडा पडायला लागला होता. अजून दोन-चार पावसाळ्यांनी तिथे कुसळसुद्धा उगवणार नाही, हे त्याला कळत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

अशात निजाम सरकारच्या शेतीखात्याची दवंडी आली. उताराला आडवा मातीचा ताल, म्हणजे बांध, घालून जो पावसाळ्याअखेर शाबूत दाखवील, त्याला सरकारातून इनाम. सरकार घेतं हे गावाला ठाऊक होतं. सरकार देतं हे ऐकून लोकांनी दवंडीवाल्याला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

उतार मोजायची दुर्बीण घेऊन शेतीखात्याचा बन्सीधर मुन्शी आला आणि सटवाजीच्या रानात खुंट्या ठोकून गेला. खुंट्यांची रांग कुठे सरळ म्हणून नाही. रानातल्या बाभळीपाशी तर ती चढाकडे पार आत शिरून पुन्हा बाहेर आली होती.

"मुन्शीजी, हे वाकडं झालं की," सटवाजी म्हणाला.

"पटेल, पानी की मर्जी से लगाया मैं. हिलाना नक्को."

मुन्शीचं घोडं दिसेनासं झालं आणि सटवाजीने खुंट्या उपटायला घेतल्या.

"अवो, सरकारी खुंट्या हायत्या त्या," त्याची बायको चतुराबाई म्हणाली.

"खुंट्या सरकारी, पर नाव माझं हाय. गाव काय म्हनंल?"

त्याने दोरी ताणली आणि उन्हाळाभर दोघांनी खपून सुतासारखा सरळ ताल घातला. गाव बघायला आलं आणि वाहवा करून गेलं.

श्रावणात पावसाने झोडपलं, तेव्हा सटवाजी घोंगडी घेऊन बाभळीपाशी उभा होता. तालामागे पाणी साचत होतं, चढत होतं. त्याची कड वळत वळत बाभळीपाशी आत शिरली आणि पुन्हा बाहेर आली. सटवाजी बघतच राहिला. थेट मुन्शीच्या खुंट्यांची रांग. मुन्शी पाण्याला विचारूनच आला होता म्हणायचा. हे डोक्यात शिरतं न शिरतं तोच ताल बाभळीसमोर फुटला आणि सगळा लोंढा मेहुण्याच्या रानात गेला.

"दाजी, औंदा आंदणासंगं ताल बी धाडलाव?" लिंबाजीने खालून विचारलं.

सटवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चतुराबाई मात्र शहाणी. उघडीप पडताच तिने पाटी उचलली आणि बाभळीच्या आतल्या अंगाला पहिली माती नेऊन टाकली. मग सटवाजीनेही कुदळ घेतली. लोक बघायला आले, गालात हसले. त्याने मान वर केली नाही.

हस्ताचा पाऊस गडगडत आला आणि वाकड्या तालामागे गुमान बसून राहिला. दसऱ्यानंतर मुन्शी आला, ताल पायाखाली घालून बघितला आणि इनाम सटवाजीच्या हातावर ठेवलं. फुटलेल्या तालाचा राहिलेला सरळ तुकडा त्याला दिसला असावा, कारण जाताना तो हसत होता.

पुढच्या पेरणीला गाव नेहमीसारखं जमलं. पहिलं तास सटवाजीचं. त्याने बैल आडवे वळवले आणि तालाच्या कडेकडेने, वळणाला वळण देत तिफण नेली.

लिंबाजी बांधावर आला. "दाजी, साप गेला काय इथून?"

गाव हसलं. सटवाजीने तिफण थांबवली.

लिंबाजीने जवळ येऊन आवाज उतरवला. "तुमची माती येनं बंद झालं अन माझीच वड्याला जायलीय. आमच्या रानात बी असंच वाकडं काढून द्याव."

"देतो की," सटवाजी म्हणाला. "तेवढं आंदण आमच्याकडून."