साधं पाणी

धम्मरत्नने टाकीत हात घातला आणि तळावरून बोट फिरवलं. बोट सटकन घसरलं. साध्या पाण्याने भरलेली टाकी साबणाच्या वडीसारखी बुळबुळीत लागत होती.

पाण्यात पातं फिरवलं की भोवरे उठतात, मोठ्यातून छोटे, छोट्यातून आणखी बारीक. त्याच पाण्यात पॉलिमरची चिमूटभर पूड विरघळवली की बारीक भोवरे मरतात. किती मरतात, हे मोजण्यात त्याची पीएच.डी. अडकली होती आणि पीएच.डी.वाचून कॉलेजातली कायमची नोकरी अडकली होती. गावी, बोरी अरबला, बोंडअळीने कापूस खाल्ल्यापासून घरचे त्या नोकरीकडे डोळे लावून बसले होते.

एक दिवस पॉलिमरचं पाणी, एक दिवस साधं, असं उन्हाळाभर चाललं होतं. पाण्यात सोडलेले कण लेझरच्या उजेडात चमकत, कॅमेरा त्यांचे फोटो काढी, आणि संगणक रोज तेच सांगे की दोन्ही पाण्यांत फारसा फरक नाही. कॅमेऱ्यावर संशय घेऊन झाला, पात्यावर झाला, शेवटी स्वतःच्या अकलेवरही झाला.

"मावशी, टाकी कशी धुता तुम्ही?"

तुळसाबाई दारात उभी होती. कॉलेजची झाडलोट तिच्याकडे होती आणि प्रयोगशाळेचं पाणीही तीच भरायची.

"तोटी सोडतो, पाणी वाहू देतो, मंग बाहेरून फडक्यानं पुसतो."

"खंगाळत नाही?"

तिने हातातली बादली खाली ठेवली.

"पह्यले खंगाळत होती, सर. आता ते पाणी घरी नेतो. सून बाळंतीन हाय. नळाचा तं पत्ताच नाही. लेकराले कायनं आंघोळ घालू?"

तोटी तळापासून दोन बोटं वर होती. तिच्याखालचं जुनं द्रावण तसंच राहून दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात मिसळत होतं. म्हणजे साधं पाणी त्याने उन्हाळाभर कधी मोजलंच नव्हतं.

त्याला भयंकर राग आला. ओरडायला तोंड उघडलं तर जांभई आली, इतका तो थकला होता.

"आज नीट खंगाळू," एवढंच तो म्हणाला.

टाकी रिकामी करून तिने घरी न्यायचं पाणी तिच्यात ओतलं. दोघांनी टाकी कलती केली, घासली, पुन्हा धुतली. दुपारी ताज्या पाण्यात पातं फिरलं आणि पडद्यावर भोवऱ्यांची नुसती झुंबड उडाली. कालच्या पॉलिमरच्या आकड्यांशेजारी आजचे आकडे ठेवल्यावर फरक लख्ख दिसत होता. कॅमेरा बरोबर होता, पातं बरोबर होतं, तोही बरोबर होता. आनंदाने त्याला हसूच फुटलं.

त्याने अमरावतीला गाईडना, देठे सरांना, फोन लावला.

"अरे, मग बसलास काय? साध्या पाण्याची सगळी मापं पुन्हा घे आणि याच महिन्यात पाठव. मी निवृत्त झालो की माझी सही चालणार नाही. नवा गाईड म्हणजे पुन्हा नोंदणीपासून सुरुवात. आणि टाकी रोज आजच्यासारखी धू. पाणी मिळतं ना?"

"मिळतं, सर."

टँकरमधून प्रयोगशाळेच्या नावाने मोजकं पाणी मिळत होतं. टाकी अशी धुतली तर त्यातलं काही उरणार नव्हतं. समोर तुळसाबाई रिकामी बादली घेऊन घरी निघाली होती.

"सर, पाऊस पडल्यावर घेतो मापं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तोवर मी घरी बसलेला असेन."

"हो, सर."

फोन ठेवून तो स्टुलावर बसला. घरी काय सांगायचं, ते त्याला सुचेना. तुळसाबाई दारातून मागे वळली.

"उद्या किती बादल्या आणू, सर?"

"रोज आणता तेवढ्याच. प्रयोगशाळेच्या नावानंच आणा."

"खंगाळाचं काय मंग?"

"टाकी कोरडीच राहू द्या आता."

"मंग पाणी ओतू कुठं?"

"घरी न्या," तो म्हणाला, आणि पात्याचे स्क्रू ढिले करायला लागला.