दोन तासांची झोप

"अगं, हे कुठं गेले?" सासूबाईंची हाक आली आणि सुनेच्या हातातली बाळाची बाटली तशीच राहिली. घड्याळात पावणेतीन. बाहेरचं दार सताड उघडं. सासऱ्यांना वर्षभरापासून घरचा रस्ता आठवत नव्हता.

त्यांच्या कोटाच्या खिशात मात्र तिनं स्वतः जोडलेला काडेपेटीएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड होता. त्याचा आराखडा नेटवर सगळ्यांसाठी खुला. तिनं त्याला सिमकार्ड आणि चपटी बॅटरी जोडली होती. ठरल्या वेळी तो जागा व्हायचा आणि आपलं ठिकाण तिच्या मोबाइलवर कळवायचा.

"मग लाव ना त्याला फोन!"

"आई, तो झोपलाय. बॅटरी वाचावी म्हणून झोपतो. मध्ये उठवता येत नाही."

"आपली छकुली बरी मग. चिमटा काढला तर उठते तरी." बोलता बोलता सासूबाईंना रडू फुटलं.

आधी तो दर पाच मिनिटांनी उठायचा. पण असे बोर्ड बनवणाऱ्यांत बॅटरी किती टिकली, यावरच मिशीला पीळ. मागच्या आठवड्यात तिनं झोप दोन तासांवर नेली आणि बोर्डवाल्यांच्या ग्रुपवर मिरवलं, "एका चार्जवर चार महिने!" शाबासक्यांचा पाऊस पडला. शेवटचा निरोप दोनचा: घर. पुढचा थेट चारला.

नवरा मोटारसायकल घेऊन निघाला. ती गल्लीबोळ पालथे घालत राहिली. दर मिनिटाला मोबाइल बघायची.

चार वाजता निरोप आला. कालव्याचा पूल. बॅटरी सत्त्याण्णव टक्के. त्या सत्त्याण्णवाची तिला शिसारी आली.

ती धावत पोचली. पुलाच्या कठड्यावर कोट लटकत होता. नुसता कोट. खाली गढूळ पाणी वेगानं चाललं होतं. माणूस गेला असता, तरी कोट चार महिने इमानेइतबारे आपलं ठिकाण कळवत राहिला असता.

"बाबा!" ती कठड्यावरून खाली वाकली. पुन्हा ओरडली, "बाबा!"

"अगं, हळू!" पुलाखालच्या खांबाआडून आवाज आला. बाह्या दुमडून सासरे काठावर सावलीत बसले होते. "उकडत होतं, म्हणून काढला कोट. एवढं बोंबलायला काय झालं?"

ती उतरून खाली गेली, त्यांच्याशेजारी मातीत बसली आणि तिनं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं.

"दुखतंय, पोरी. सोड. मी कुठं पळून चाललोय का?"

तिनं सोडलं नाही.