पंचफुलाचा रिव्हर्स

डिसेंबरात एका दुपारी मुक्कामी गाडीची ड्युटी संपवून मी गावी आलो, तर आमच्या वांग्याच्या वावराशेजारी आमचाच ट्रॅक्टर घरघरत होता आणि सीटवर माझी बायको बसली होती. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला रुमाल बांधलेला. पंचफुला ट्रॉली मागे घेत होती आणि हसत होती. शेजारी कोणी नाही, कोणी काही विनोद केलेला नाही, तरी बाई एकटीच खदखदून हसत होती.

चोवीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी बोलताना अशी हसल्याचं मला काही केल्या आठवेना. खोटं कशाला सांगू, मला हेवा वाटला. एखाद्या परक्या पुरुषाबरोबर ती अशी हसत असती तर जेवढा जळलो असतो, तेवढाच त्या ट्रॅक्टरवर जळलो.

"कोणं शिकवलं?" मी विचारलं.

"रूपरावभाऊच्या सुनेनं, अंकितानं," ती खाली उतरत म्हणाली. "ट्रॅक्टरवरचा गडी चार दिवस आला नाई. वांगे समुद्रपूरले न्यायचे होते, ते का झाडालेच ठेवू?"

"मले काऊन नाई विचारलं? घरात ड्रायव्हर हाय ना."

"विचारलं होतं जी. ट्रॅक्टर आणला तवाच. तुमी म्हणले, हे बायांचं काम नोहे."

म्हटलं असेन. असलं काहीबाही माणूस बोलून जातो आणि विसरतो. बायका विसरत नाहीत.

मी एसटीत सव्वीस वर्षं ड्रायव्हर आहे. गावात मला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणतात. गाडीतलं कोणाला काही विचारायचं असलं की तो आमच्या ओट्यावर येतो. पण त्या महिन्यात लोक ओट्यावर यायचे ते पंचफुलाला विचारायला. ती बोअरवर कपडे धुता धुता सांगायची, गिअर कोणता टाकायचा, चढावर काय करायचं. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकायचो आणि तिची चूक शोधायचो. चूक सापडायची नाही, आणि त्याचा राग वेगळा यायचा.

मग यात्रा आली. आमच्या यात्रेत चार वर्षांपासून ट्रॅक्टर रिव्हर्सची स्पर्धा होते. मैदानात दोन्ही बाजूंनी बांबू रोवून वळणावळणाची वाट करतात. ट्रॅक्टरला दोन चाकांची ट्रॉली जोडून ती या वाटेने मागे न्यायची. बांबूला धक्का लागला की बाद, ज्याला कमी वेळ लागला तो पहिला. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन चाकांच्या ट्रॉलीचा कारभार उलटा असतो. तिचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे तोडावं लागतं. बसमध्ये याच्या बरोबर उलट. भलेभले तिथे गोंधळतात.

या वर्षी बारा नावं आली. अकरा गडी आणि एक पंचफुला. नोकरीतल्या ड्रायव्हरांना भाग घ्यायची बंदी होती, म्हणजे मला कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता. पहिलं बक्षीस बॅटरीवरचा फवारणी पंप. आमचा हातपंप मारून तिचा खांदा सुजतो, म्हणून तिला तो पंप हवा होता. पण मला विचाराल तर बक्षीस नसतं तरी ती गेली असती.

आदल्या दिवशी तिने मला ताटावर विचारलं, "मागं इशारा कराले एक माणूस चालते म्हणतात. तुमी उभे राहजा ना. तुमच्याइतकं कोणाले समजते?"

एसटीचा ड्रायव्हर कंडक्टरच्या शिट्टीशिवाय गाडी मागे घेत नाही, तसा नियमच आहे. मागे उभ्या माणसावर डोळे झाकून भरवसा ठेवायचा, हे तिने माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. मी हो म्हणालो.

स्पर्धेच्या दिवशी रूपराव माइकवर होता. रूपराव आमचा शेजारी, बोलायला लागला की थांबत नाही. "आता येऊन राह्यल्या आपल्या पंचफुलावहिनी," तो ओरडला आणि सगळं मैदान शिट्ट्या मारायला लागलं. मी वाटेच्या शेवटी, तिला दिसेन असा उभा राहिलो. माझं नाव कोणी घेतलं नाही.

तिने ट्रॉली मागे घ्यायला सुरुवात केली. पहिलं वळण ती अलगद घेऊन आली. सीटवर अर्धी वळलेली, एक हात स्टिअरिंगवर, आणि चेहऱ्यावर तेच हसू. दुसरं वळणही गेलं. आधीच्या नऊ जणांपेक्षा ती पुढे होती. बाया उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. माझ्या मनात एकच गोष्ट होती, हिचं हसू थांबलं पाहिजे. एकदाच थांबलं पाहिजे.

शेवटच्या वळणावर ट्रॉलीचं शेपूट जरा उजव्या बांबूकडे झुकलं. स्टिअरिंग उजवीकडे तोडलं की काम झालं असतं. मी डावीकडे तोडायचा हात दाखवला.

मला कळत नव्हतं असं नाही. एसटीत लागायच्या आधी मी हिंगणघाटकडे चार वर्षं विटांची ट्रॉलीच चालवली. लग्नाआधीची गोष्ट. ड्रायव्हरसाहेब म्हणून मिरवायला लागल्यावर ती मी कोणाला सांगितली नाही, हिलाही नाही.

तिची नजर क्षणभर बांबूवर गेली, मग माझ्यावर आली. आणि तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या हातावर भरवसा ठेवला. ट्रॉली झटकन बांबूकडे वळली, वीतभर अंतरावर थांबली. तिला ट्रॅक्टर पुढे घेऊन पुन्हा सरळ करावा लागला. हसू गेलं होतं. मला जे हवं होतं ते झालं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

चार सेकंदांच्या फरकाने ती हरली. पंप शेजारच्या गावच्या किशोरला गेला, तिला स्टीलची बादली मिळाली.

"ड्रायव्हरसाहेबाच्या हातानं घात केला ना, वहिनी," रूपराव माइकवर म्हणाला. लोक हसले. मला वाटलं आता ही सगळ्यांसमोर माझी लाज काढते.

"त्यायले काहून हासता?" ती म्हणाली. "बसची सवय हाय त्यायले. ट्रॉलीत उलटं असते, हे म्याच सांगाले पाह्यजे होतं."

बादली हातात घेऊन ती माझ्या बाजूने भांडत होती. मी तोंड उघडलं असतं तर अडाणी ठरण्यातून सुटलो असतो, पण मग हरामखोर ठरलो असतो. मी अडाणी राहिलो.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळीच तिने मला वावरात नेऊन सीटवर बसवलं आणि स्वतः मडगार्डवर बसली. "सोपं हाय जी. ट्रॉली जिकडं पाह्यजे, त्याच्या उलट हात."

मी स्टिअरिंग चुकीच्या बाजूला तोडलं. ट्रॉली तिरपी होऊन सरळ तुरीत शिरली. ती हसली. तेच हसू, खदखदून, आणि या वेळी ते माझ्यासाठी होतं. तिने माझ्या हातावर हात ठेवून स्टिअरिंग फिरवलं. मी पुन्हा चुकलो, ती पुन्हा हसली, मीही हसायला लागलो. सव्वीस वर्षं लाखो किलोमीटर गाडी हाकली, पण चालवताना एवढी मजा मला कधी आली नव्हती. त्या मजेत मी जरा सैल झालो. नकळत सीटवर अर्धा वळलो, डावा हात मडगार्डवर टेकवला, एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि ट्रॉली तुरीतून अलगद बाहेर काढून धुऱ्याच्या बांधालगत सरळ उभी केली.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

"तुमाले खरंच येत नाई ना जी?" तिने हळूच विचारलं.

"नाई," मी म्हणालो, आणि घाईघाईने स्टिअरिंग चुकीच्या बाजूला तोडलं. ट्रॉली पुन्हा तुरीत शिरली.

या वेळी ती हसली नाही.