लागूनच्या तळाशी

फुंची घोटून झाल्यावर निल्वाने लाकडी पळी पातेल्याच्या काठावर ठक्‌ ठक्‌ आपटली, आणि पहाटेपासून घरात साचलेली शांतता मोडली. तिने मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा ताटात उलटा केला आणि ताट सासऱ्यांपुढे सरकवलं. ताशो म्हाताऱ्याने आधी ताटाकडे पाहिलं, मग नातीकडे.

"जेलीन, तुझ्या माईला विचार, मासा तळलाय का आज? की पार्कवाल्यांनी त्याच्यावरही बंदी घातलीय?"

जेलीन सहा वर्षांची होती. बोलायला लागल्यापासून हे मधल्या माणसाचं काम तिच्याकडेच होतं.

"माई, वेलो विचारतायत, मासा तळलाय का?"

"झाकणाखाली आहे म्हणावं."

"वेलो, झाकणाखाली आहे."

"ऐकलं मी. बहिरा नाहीये."

जेलीनने एक नि:श्वास सोडला, अगदी म्हाताऱ्या बाईसारखा, आणि आपल्या फुंचीत बोट खुपसलं.

चार वर्षांपूर्वी गावच्या सभेत निल्वा उभी राहिली होती. कडेवर जेलीन होती आणि समोर बेटावरचे सगळे कोळी. बेटाभोवतीचा समुद्र सागरी पार्काच्या, म्हणजे माशांच्या अभयारण्याच्या, राखणीत गेला त्याला कितीतरी वर्षं झाली होती. पण 'लागून' नावाची खाडी तेवढी गावासाठी सोडलेली होती. तिथे जाळी पडायची, तिथूनच कार्को शंख निघायचे. निघायचे म्हणजे, पूर्वी निघायचे. जेलीनच्या बाप्तिस्म्याला घरात कार्कोचं कालवण झालं, ते परदेशातून आलेल्या बर्फाच्या खोक्यातलं. चव कुणालाच आली नाही आणि बोललंही कुणी नाही. ती न बोललेली गोष्ट निल्वाच्या पोटात दोन वर्षं तशीच राहिली आणि सभेत एकदम तोंडातून बाहेर पडली. "लागून पण बंद करा. चार वर्षं कुणी उतरू नका. शंख परत आले तर बंदच ठेवा. नाही आले तर घाला जाळी, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

सभेने बऱ्याच आरडाओरड्यानंतर मान्य केलं. ताशो मात्र टोपी घालून उठून गेला. त्या दिवसापासून तो सुनेशी थेट एक शब्द बोलला नव्हता. जेलीन घरात नसली की तो शेळीशी बोलायचा. "सांग हिला, पाण्याचा पिंप रिकामा झालाय." शेळी ऐकून घ्यायची.

आणि आज ती चार वर्षं संपत होती. निल्वा आणि पार्काचा माणूस खाडीत उतरून शंख शोधणार होते. कोळ्यांनी आपला साक्षीदार म्हणून ताशोलाच निवडलं होतं. तो सुनेची बाजू घेईल असं त्याचा वैरीही म्हणाला नसता.

मिठागरावर कामाला निघताना निल्वाच्या नवऱ्याने, रिगीने, तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. "काही नसलं तरी घरी ये," तो म्हणाला होता. ते ऐकल्यावर तिला जास्तच भीती वाटली होती.

धक्क्यावर वाऱ्याने टोप्या उडत होत्या. चिचो आणि त्याचे सोबती जाळी शिवायचं निमित्त करून बसले होते.

"निल्वा, येताना माझ्यासाठी चार शंख आण गं! पोहायच्या कपड्यांना खिसे असतात ना?"

"तुझ्या जिभेएवढा मोठा खिसा नाहीये, चिचो."

"ताशो, सुनेला बुडवून येऊ नकोस हां. मग भांडशील कुणाशी?"

"भांडायला बोलावं लागतं," ताशो म्हणाला आणि नातीला घेऊन होडीत उतरला.

पार्काचा राखणदार गिल्मार आपल्या बोटीतून पुढे गेला. तो याच गावचा. त्याचे वडील आणि ताशो एका होडीत वाढलेले. खाडीच्या तोंडाशी पार्काने बांधलेला पिवळा फुगा पाण्यावर हेलकावत होता. तळावरच्या पोवळ्यांचा चुरा होतो म्हणून नांगर टाकायला बंदी होती. होडी त्या फुग्यालाच बांधायची. ताशोने दोर हातात घेतला आणि फुग्याकडे असं पाहिलं, जसं कुणी न बोलावता आलेल्या व्याह्याकडे पाहावं.

"जेलीन, सांग कुणालातरी, मी गाढव नाही. परक्याच्या खुंट्याला बांधून घ्यायला."

"कुणाला सांगू, वेलो?"

"फुग्याला सांग."

जेलीनने खरंच वाकून फुग्याला सांगितलं. ताशोने दोर बांधला.

गिल्मार खोल बाजूला उतरला. उथळ गवताळ बाजू निल्वाकडे होती. तिने पाण्यातला चष्मा डोळ्यांवर ओढला, होडीच्या कडेवरून पाय सोडले आणि पाण्यात शिरली.

खाली सगळं जागं होतं. निळ्या पोपटमाशांचा थवा खडकावर दात घासत होता, त्याचा करकर आवाज तिच्या कानात शिरला. एक कासव तिच्याकडे न बघता पुढून गेलं, चर्चमधून निघालेल्या म्हातारीसारखं. चार वर्षांत गवत उंच झालं होतं आणि लाटेबरोबर सगळं एकदम एका बाजूला झुकत होतं. दुसरा दिवस असता तर ती तिथेच तरंगत राहिली असती. पण तिला गुलाबी रंग हवा होता. तो रंग तिला लहानपणापासून पाठ होता: धक्क्यामागे शंखांचे डोंगर होते, प्रत्येक शंखाला मांस सोडवण्यासाठी पाडलेलं भोक, आणि आत उन्हाने चकाकणारी गुलाबी कड. तसलं काहीतरी. कुठेतरी. एक तरी.

गवत होतं, वाळू होती, शेवाळ धरलेले करडे-हिरवे धोंडे होते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. श्वास घ्यायला वर यायची, पुन्हा खाली जायची. पुन्हा गवत, पुन्हा धोंडे. परत येताना ती हळू पोहली. घाई केली तर दिसायचं राहून जाईल असं तिने स्वत:ला सांगितलं. खरं म्हणजे तिला होडीपाशी पोचायचंच नव्हतं.

लांबून गिल्मारने डोकं वर काढलं आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवले. त्याच्याकडेही नव्हतं.

निल्वा होडीला लटकली. चष्मा कपाळावर सारला. तोंडावर सगळं खारंच पाणी होतं, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. संध्याकाळी जाळी पडणार. चिचो चार दिवस हसेल आणि विसरून जाईल. पण या म्हाताऱ्याच्या घरात तिला उरलेलं आयुष्य फुंची घोटायची होती.

होडीत ताशो काचेच्या तळाची लाकडी पेटी पाण्यावर टेकवून वाकला होता. जुन्या कोळ्यांची ती पेटी. पेटीत तोंड घातलं की वाऱ्याने उठलेल्या लहरी नाहीशा होतात आणि तळ स्वच्छ दिसतो. तो बराच वेळ वाकलेला होता. मग त्याने पेटी उचलली, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली आणि पुन्हा टेकवली. एक वल्हं पाण्यात सुटं लोंबत होतं, ते त्याने आवाज होऊ न देता आत ओढून घेतलं. मग नातीच्या झग्याचा पट्टा मुठीत धरला आणि पेटी तिच्याकडे सरकवली.

जेलीनने तोंड आत घातलं. तिचा आवाज पेटीतून घुमत आला.

"माई, तो दगड माझ्याकडे बघतोय."

"दगडाला डोळे नसतात, दुशी, बाळा."

"ह्याला आहेत. दोन. काड्यांवर लावलेत. आता दुसऱ्या दगडाकडे बघतोय."

निल्वा काही बोलणार एवढ्यात वरून आवाज आला.

"पाय वर घे, निल्वा. त्यांच्यावर वाळू उडतेय."

तिने मान वर केली. ताशो तिच्याकडेच पाहत होता, सरळ, मध्ये नात नाही, शेळी नाही. चार वर्षांनंतर आपलं नाव त्या तोंडून ऐकून तिला आधी काय म्हटलं तेच कळलं नाही. मग 'त्यांच्यावर' हा शब्द कळला.

तिने पाय पोटाशी घेतले, चष्मा ओढला आणि तोंड पाण्यात घातलं.

पायांखालची वाळू खाली बसत होती. वाळूतून एक करडा धोंडा दिसला. धोंड्याखालून एक सोंड बाहेर आली, तिच्या दोन्ही बाजूंना दोन काड्या, काड्यांच्या टोकांना पिवळ्या कड्यांचे गोल डोळे. डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग धोंड्याने एक लंगडी उडी मारली आणि गवताकडे बोटभर पुढे सरकला. त्याच्या मागे दुसरा. त्याच्याही मागे एक अगदी पोर, अर्धं वाळूत पुरलेलं. निल्वाने मान वळवली. ज्यांच्यावरून ती सकाळभर रडकुंडीला येऊन पोहत होती ते सगळे धोंडे चरत होते. गवताच्या मुळाशी, वाळूच्या पट्ट्यात, पार खडकापर्यंत, लागूनचा तळ हळूहळू चालत होता.

ती वर आली ती ओरडतच. काय ओरडली ते तिलाही आठवलं नाही. गिल्मार हातपाय मारत आला, तिने फक्त खाली बोट दाखवलं. त्याने डोकं बुडवलं, पाण्यातूनच त्याचं हसणं बुडबुड्यांनी वर आलं. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली, दोन्ही हात संपले तेव्हा सोडून दिलं.

"खोल बाजूला जातील कशाला!" तो धापा टाकत म्हणाला. "सगळी पोरं आहेत! पोरं उथळातच राहणार! निल्वा, पाळणाघर आहे हे!"

निल्वा होडीत चढली, पाण्याने निथळत. आयुष्यभर तिने मेलेले शंख पाहिले होते, धुतलेले, फोडलेले, उन्हात गुलाबी झालेले. जिवंत असताना ते अंगावर शेवाळाची गोधडी घेऊन हिंडतात, हे ठाऊक असायला जिवंत बघायला तर हवेत.

"पापा, ते असे दिसतात हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग आधी सांगायचं ना!"

"तू विचारलंस कधी?"

"विचारणार कुणाला? शेळीला?"

ताशोच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्याने वल्ही उचलली. "बस खाली. होडी डुलवू नकोस. खाली पोरं झोपलीयत."

धक्क्यावर आता अर्धं गाव जमलं होतं. बायका पदपथावर येऊन उभ्या होत्या. रिगी मिठागरावरून तसाच आला होता, गुडघ्यापर्यंत पांढरा. गिल्मारला बोलायचं होतं; त्याच्या तोंडावर सगळं सांडत होतं. पण ठरल्याप्रमाणे कोळ्यांचा साक्षीदार बोलणार होता, आणि ताशोने हात वर करून त्याला गप्प बसवलं.

"काय दिसलं, ताशो?" चिचोने विचारलं.

ताशोने होडी बांधली. दोराचं टोक नीट वेटोळं करून ठेवलं.

"काही नाही."

निल्वाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"वाळू आहे," ताशो म्हणाला. "थोडं गवत."

गिल्मारने आ वासला. रिगीने मान खाली घातली. निल्वा होडीतच उभी राहिली, बोलायला गेली. तेवढ्यात तिला चिचोचा चेहरा दिसला. चिचो हसत नव्हता. त्याने तोंडातली सुई काढून टोपीत खोचली होती.

या धक्क्यावर ज्याची टोपली रिकामी, तो वाऱ्याबद्दल बोलतो, प्रवाहाबद्दल बोलतो, चंद्राला शिव्या देतो, तासभर बोलतो. ज्याला जागा सापडली, तो म्हणतो, काही नाही. बापाने विचारलं तरी काही नाही. स्वत:च्या लग्नाच्या वर्षी ताशोची होडी पाण्याला कड टेकेपर्यंत भरून आली होती, तेव्हाही तो उतरून एवढंच बोलला होता. हे बायकांना माहीत नसायचं. बायका मासे साफ करायच्या वेळेला यायच्या.

"गवत किती म्हणालास?" चिचोने हळूच विचारलं.

"आहे थोडं. पाय ठेवायला जागा नाही, एवढंच."

मग एका म्हाताऱ्या कोळ्याने टोपी काढली. मग दुसऱ्याने. चिचोने शिवत असलेलं जाळं मांडीवरून ढकललं, उभा राहिला आणि असा काही ओरडला की वरच्या कुंपणातल्या शेळ्या उधळल्या.

"ऐकलंत का! ताशो म्हणतोय काही नाही! काही नाही म्हणतोय ताशो!"

मग सगळा धक्काच ओरडायला लागला. बायकांना अर्थ कळला नव्हता, पण त्या पुरुषांच्या आधी नाचायला लागल्या. रिगी मिठाच्या पायांनी पळत आला. कुणीतरी डबा वाजवत होतं, कुणीतरी गिल्मारला पुन्हा पाण्यात ढकललं.

"बंद म्हणजे बंद!" चिचो ओरडत होता. "लागूनमध्ये जो जाळं टाकेल, त्याचं जाळं मी कापतो! माझ्या भावाचं असलं तरी!"

"तुझं असलं तर?" एक बाई ओरडली.

"मग निल्वा कापेल!"

ताशो आधी वर चढला. मग वळला, वाकला आणि सुनेपुढे हात धरला. त्या हाताची कातडी दोराने जाळलेली, टणक होती. निल्वाने तो धरला आणि एका झटक्यात धक्क्यावर आली. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि कुणाकुणाचे ओले-खारे हात तिच्या खांद्यांवर पडत होते.

निल्वाच्या हाताला ओढ लागली. जेलीन होती. निल्वाने तिला उचलून घेतलं. एवढ्या गलक्यात ऐकू जावं म्हणून पोरीने आईच्या कानाशी तोंड नेलं, पण आवाज निरोप पोचवतानाचाच, खणखणीत होता. जवळच्यांनी ऐकला, मग त्यांच्या पलीकडच्यांनी, आणि डब्याचा आवाजही थांबला.

"माई, ते मोठे झाले की मग आपण त्यांना खायचं का?"

निल्वाने ताशोकडे पाहिलं. ताशो खाली वाकून, होडीची नीट बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधत होता.